वडिलांना लकवा झाला, कंपनी राजीनामा मागते, पेन्शनचं काय होईल?

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. दुसऱ्या कुणाला उपयोग व्हावा म्हणून आधी थोडक्यात परत मांडतो. वडील ५२ वर्षांचे, आधी एका ऑईल मिलला सात वर्षं (२००८ ते २०१५), मग मधे दोन वर्षं शेतमजुरी, नंतर जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आठ वर्षं, पगार १३,२००. तीन महिन्यांपूर्वी घरीच लकवा झाला, उजवा हात-पाय चालत नाही. कंपनीच्या ऑफिसातून निरोप आलाय की राजीनामा द्या म्हणजे पीएफ लवकर काढून देऊ, आणि गावातला एक एजंट म्हणतो जुन्या मिलचे पेन्शनचे पैसे १०सी नावाचा पीएफचा फॉर्म भरून काढून देतो. शिवाय काका साखर कारखान्यातून हंगामी म्हणून रिटायर झालेत, त्यांना १,३८० रुपये पेन्शन येते, ती एवढी कमी का.

सगळ्यात आधी, राजीनाम्यावर सही करू नका. आज नाही, ह्या आठवड्यात नाही, आणि माझं पुढचं सगळं वाचून झाल्याशिवाय तर नाहीच. आपल्याकडे अशा वेळी आजूबाजूचे लोक "सही कर अन् मोकया व्हय" म्हणतात, प्रेमानंच म्हणतात, पण मी एवढी वर्षं कामगारांचं पीएफ-पेन्शनचं काम करतोय आणि त्यात सगळ्यात जास्त नुकसान ह्या एका सहीनं झालेलं बघितलंय.

का ते सांगतो. पीएफवाल्यांची जी पेन्शन आहे, ईपीएस-९५, ती १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. लोकांना तिची एकच बाजू माहिती असते, की दहा वर्षं सर्व्हिस आणि ५८ वय झालं की पेन्शन. पण त्यातच कायमचं अपंगत्व आलेल्या कामगाराला पेन्शन द्यायची तरतूद आहे आणि तिला दहा वर्षांची अट नाही, ५८ वयाची अट नाही, एक महिन्याचा हप्ता जरी भरलेला असला तरी चालतं. अपघात कारखान्यातच झाला पाहिजे असंही नाही, घरी झोपेत लकवा झाला तरी तो त्यात बसतो. अट एकच आणि तिथंच सगळे अडकतात, ती म्हणजे अपंगत्व नोकरीत असताना आलेलं पाहिजे. आता कंपनीनं राजीनाम्यावर तारीख टाकताना शेवटचा हजेरीचा दिवस टाकला, म्हणजे लकवा व्हायच्या आदल्या दिवसाची, आणि कारण लिहिलं "घरगुती कारणास्तव", तर कागदावर तुमचे वडील धडधाकट असताना नोकरी सोडून गेले आणि नंतर आजारी पडले. चोपड्याकडच्या एका लूमवरच्या कामगाराचं हेच झालं होतं, हॉस्पिटलचे सगळे कागद खरे, माणूस समोर खुर्चीत बसलेला, बोलता येत नाही, आणि अर्ज परत आला कारण ऑनलाइन एक्झिटची, म्हणजे नोकरी सोडल्याची, तारीख आजाराच्या आधीची. ती तारीख बदलायला मग कंपनीच्या मागे फिरा, कंपनी म्हणते आता काही होत नाही. म्हणून म्हणतो, तारीख आणि कारण ह्या दोन गोष्टींवर पुढची तीस वर्षं ठरतात.

दुसरं कारण राजीनामा न द्यायचं, आणि हे तर कुणी सांगतच नाही, ते म्हणजे ईएसआय, कामगारांचा सरकारी आजारपणाचा विमा. पगार २१,००० च्या आत आहे म्हणजे वडिलांची ईएसआय कापली जात असणार, पगाराच्या स्लिपवर पाऊण टक्का कपात बघा, १३,२०० वर ९९ रुपये. लकव्याला, डॉक्टरी भाषेत हेमिप्लेजिया, ईएसआयच्या लांबच्या आजारांच्या यादीत जागा आहे. साधं आजारपण ९१ दिवस आणि पगाराच्या ७० टक्के, पण ह्या यादीतल्या आजाराला दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकतात, अट म्हणजे दोन वर्षांची सलग नोकरी आणि हप्ते ठरलेल्या दिवसांचे भरलेले पाहिजेत, तुमच्या वडिलांची आठ वर्षं आहेत. १३,२०० चे ८० टक्के म्हणजे महिन्याला १०,५६० रुपये. घरात आज जी ओढाताण चाललीय त्यात हे पैसे किती मोठे आहेत ते मी तुम्हाला सांगायला नको. आणि १९४८ च्या ईएसआय कायद्यात, जो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता, कलम ७३ हे खास ह्यासाठी घातलेलं की माणूस आजारपणाचा लाभ घेत असताना मालकानं त्याला कामावरून काढू नये. पण माणसानंच स्वतः राजीनामा दिला तर कोणतं कलम काय करणार? तेव्हा उद्याच ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन हॉस्पिटलचे पहिल्या दिवसापासूनचे कागद दाखवा, सर्टिफिकेट तिथल्या डॉक्टरकडून घ्यायचं असतं, खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर पैसे निघत नाहीत. तीन महिने गेलेत, अजून उशीर करू नका.

तिसरं, हे लिहायला मलाही जड जातं, पण विचारलंय म्हणून सांगितलंच पाहिजे. नोकरीत असताना माणसाचं काही बरंवाईट झालं तर पीएफसोबतचा जो विमा असतो, ईडीएलआय, त्यात वारसाला कमाल ७ लाखांपर्यंत मिळतात. राजीनामा दिल्यावर तो विमा नाही. वडील बरे व्हावेत, नक्की व्हावेत, पण घरात तुमची आई आहे, तिचा विचार करून कागद हलवा.

आता एजंटच्या १०सी बद्दल. कृपा करून त्याला आधार आणि ओटीपी देऊ नका. तो खोटं बोलत नसेल, पैसे खरंच निघतील, पण काय विकून निघतील ते बघा. मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडा, त्यात तीन रकाने दिसतील. वडिलांचा हिस्सा १,५८४, मालकाचा ४८४ आणि तिसऱ्या रकान्यात पेन्शनचे १,१००. मालक जे १२ टक्के भरतो त्यातले ८.३३ टक्के तिकडे जातात, म्हणून हे आकडे असे. त्या तिसऱ्या रकान्यावर व्याज नाही आणि ते पैसे तुमच्या नावावर साठून राहिलेले नाहीत, त्याच्या बदल्यात तुम्हाला सर्व्हिसची वर्षं मिळतात. १०सी भरून पैसे काढले म्हणजे ती वर्षंच विकली. ऑईल मिलच्या शेवटच्या पगारावर, समजा साडेसहा हजारावर, सात वर्षांचे साधारण पंचेचाळीस हजाराच्या आसपास मिळतील. आणि जाईल काय? सात अधिक आठ पंधरा वर्षं होतात, ती आठ राहतील. दहाच्या खाली आलं की ५८ ला पेन्शन नाही. उद्या मेडिकल बोर्डानं अपंगत्व मान्य केलं नाही तर वडिलांच्या हातात आयुष्यभराची पेन्शन शून्य, फक्त पंचेचाळीस हजार, त्यातले काही एजंटचे.

हिशोब करून दाखवतो कारण बऱ्याच ठिकाणी तो चुकीचा सांगतात. सूत्र साधं आहे, सरासरी पगार गुणिले वर्षं भागिले ७०. पगार म्हणजे शेवटच्या ६० महिन्यांची सरासरी, बेसिक आणि डीए धरून, आणि मधे बिनपगारी महिने असले तर त्या महिन्यांनी सरासरी पडत नाही, जेवढ्या दिवसांचा पगार झाला तेवढ्याच दिवसांनी भागतात. पण एक खोच आहे. १ सप्टेंबर २०१४ च्या आधीच्या वर्षांना पगार जास्तीत जास्त ६,५०० धरतात आणि नंतरच्या वर्षांना १५,००० पर्यंत. वडिलांची ऑईल मिलची सहा वर्षं आधीची, म्हणजे ६,५०० गुणिले ६ भागिले ७०, झाले ५५७. उरलेलं एक वर्ष आणि चटई कारखान्याची आठ अशी नऊ, १३,२०० गुणिले ९ भागिले ७०, झाले १,६९७. मिळून २,२५४ रुपये महिना, हयातभर. त्यांच्यानंतर तुमच्या आईला साधारण निम्मी, पण हजाराच्या खाली नाही. जुनी वर्षं विकली तर अपंगत्वाची पेन्शन मंजूर होऊनसुद्धा १,५०९ च येतील. फार मोठी रक्कम नाही हे मान्य, पण दर महिन्याला येणारी आहे.

तेव्हा १०सी नाही, जुन्या मिलचं खातं ऑनलाइन ट्रान्सफर टाका. ट्रान्सफर झाल्यावर पासबुकात पेन्शनचा रकाना शून्य दिसतो आणि लोक घाबरून फोन करतात की पैसे गेले. गेलेले नसतात, पीएफ तेवढा सरकतो आणि पेन्शनच्या बाबतीत फक्त सर्व्हिस पुढच्या रेकॉर्डला जोडली जाते. ती सर्व्हिस हिस्टरीत दिसते का ते बघायचं, बस.

अजून एक फॉर्म तुमच्यापुढे सरकवला जाईल, तोही ओळखून ठेवा. वय ५० झालं आणि दहा वर्षं सर्व्हिस असली की लवकरची पेन्शन घेता येते, आणि ऑफिसात कुणाला मेडिकल बोर्डाच्या भानगडीत पडायचं नसलं की सरळ सांगतात, तुम्ही ५२ चे आहात ना, मग हीच भरून टाका, सोपी आहे. सोपी आहेच, पण ५८ ला जेवढी वर्षं कमी तेवढ्या वर्षांचे दर वर्षी चार टक्के कापतात आणि ती कपात ५८ नंतर परत भरून येत नाही. सहा वर्षांची कपात म्हणजे २,२५४ चे सतराशेच्या घरात येतील, कायमचे. अपंगत्वाच्या पेन्शनला वयाची ही कपात लागत नाही. फॉर्म दोन्हीला एकच, १०डी, फक्त त्यात पेन्शनचा प्रकार कोणता टिक केला त्यावर सगळं. म्हणून फॉर्म दुसऱ्याला भरायला दिला तरी त्या रकान्यावर स्वतः बोट ठेवून बघा आणि झेरॉक्स घरी ठेवा. अपंगत्वाचा अर्ज शक्यतो कागदीच द्यायची तयारी ठेवा, सोबत हॉस्पिटलची फाईल.

मेडिकल बोर्डाचं बऱ्याच लोकांना समजत नाही. सिव्हिलला जाऊन ७० टक्के, ८० टक्के असं दिव्यांग प्रमाणपत्र आणतात आणि म्हणतात आता द्या पेन्शन. पीएफमध्ये टक्क्यावर गाडी चालत नाही. अर्ज दिल्यावर पीएफ ऑफिस बोर्डाकडे पाठवतं आणि बोर्ड बघतं की अपंगत्व कायमचं आहे का आणि माणूस ते येण्याच्या वेळी जे काम करत होता, करू शकत होता, त्या कामाला तो आता पूर्ण निकामी झालाय का. म्हणून वडील नेमकं काय काम करायचे ते कंपनीच्या लेटरहेडवर लिहून घ्या. नुसतं "हेल्पर" असं लिहून चालणार नाही. लूमवर उभं राहून धागा तुटला की जोडायचा, तयार चटईचे रोल उतरवायचे, आठ-बारा तास उभ्यानं काम, दोन्ही हात लागतात, असं सगळं लिहा. हे पत्र बोर्डासमोर असलं तर डॉक्टरला माणूस दिसतो, नाहीतर त्याला फक्त "बोलतो, खातो, आधारानं चालतो" एवढंच दिसतं आणि तो लिहून मोकळा होतो की हलकं काम करू शकेल. आणि घाईही करू नका, लकव्यात पहिले काही महिने सुधारणा होत असते, डॉक्टर कायमचं म्हणणार नाहीत. म्हणूनच क्रम असा ठेवा की आत्ता ईएसआयवर उपचार आणि पैसे चालू, नाव कंपनीच्या रोलवर, जुनं खातं ट्रान्सफर, आणि न्यूरोवाल्यानं लेखी दिलं की आता ह्याच्यापुढे सुधारणा नाही, तेव्हा १०डी. कंपनीनं सहीला टाळाटाळ केली तर तोंडी भांडत बसू नका, पीएफच्या तक्रार पोर्टलवर लिहा, उत्तर लेखी येतं.

दिव्यांग प्रमाणपत्र तरी काढाच, जळगावच्या सिव्हिलला, यूडीआयडी कार्डासकट (दिव्यांगांचं ओळखपत्र), त्याचा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. तहसीलला संजय गांधी निराधारमध्ये दिव्यांगांना १,५०० मिळायचे ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० केलेत. ४० टक्क्यांच्या वर प्रमाणपत्र लागतं आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची अट आहे, त्यामुळे तुमच्या घरातलं सगळं धरून उत्पन्नाचा दाखला किती निघतो ते तलाठ्याकडे आधी विचारा. दाखल्यात बसत असाल तर सोडू नका.

आता काकांचं. १,३८० का, ह्याला दोन उत्तरं आहेत, एक सगळ्यांचं आणि एक खास त्यांचं. सगळ्यांचं असं की ही पेन्शन काकांच्या वेळी ६,५०० च्या पगारावर बांधलेली होती, तिला महागाई भत्ता जोडलेला नाही, २०१३ ला जी बसली ती आजही तेवढीच. किमान १,००० रुपये केले ते १ सप्टेंबर २०१४ ला, त्यानंतर एवढी वर्षं झाली, तेल, डाळ, गोळ्या-औषधं कुठं गेली आणि ते हजार तिथंच. त्याच्या आधी २०१३ मध्येच कोश्यारी समितीनं किमान ३,००० करा म्हणून सांगितलेलं, हेच कोश्यारी नंतर आपले राज्यपाल होते. बुलढाण्याहून चाललेल्या आंदोलनाची ७,५०० अधिक महागाई भत्ता अशी मागणी आहे आणि ती मला रास्तच वाटते, आयुष्यभर कारखान्यात झिजलेल्या माणसाला गॅसचा सिलिंडर आणि बीपीच्या गोळ्या ह्यातच संपणारी पेन्शन देणं हे बरोबर नाही. पण जे मंजूर झालेलं नाही त्याच्या नावानं कुणी व्हॉट्सॲपवर फॉर्म किंवा पैसे मागितले तर देऊ नका, हायर पेन्शनच्या, म्हणजे पूर्ण पगारावरच्या वाढीव पेन्शनच्या, नावानंही असे फोन येतात, त्याचे अर्ज घ्यायचे २०२३ मध्येच बंद झालेत.

खास काकांचं मात्र तपासण्यासारखं आहे. तुम्ही लिहिलंय ते १९८७ ला लागले, २०१३ च्या शेवटी ५८ ला रिटायर झाले, पगार ६,५०० च्या वर होता. मग नोव्हेंबर १९९५ पासूनची अठरा वर्षं धरली तर ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, १,६७१ रुपये येतात, आणि ९५ च्या आधीच्या सर्व्हिसचा भाग वेगळा मिळवायचा, तो थोडाच असतो पण असतो. म्हणजे १,३८० हे कमी वाटतात. आता हंगामी कामगारांचा एक नियम आहे जो कारखान्याच्या ऑफिसातही पुष्कळांना माहीत नसतो, की हंगामी कारखान्यात वर्षातून पाच-सहा महिनेच काम झालं तरी पेन्शनसाठी ते पूर्ण एक वर्ष धरायचं. गाळप संपलं आणि ऑफ सीझनला घरी बसले म्हणून ते महिने कापायचे नसतात. काकांचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, काढा, त्यात सर्व्हिस किती धरलीय, १६-११-९५ च्या आधीची किती, नंतरची किती आणि बिनपगारी दिवस म्हणून किती वजा केलेत ते बघा. वजा केलेला आकडा मोठा असला तर ऑफ सीझन कापलेला असणार. तसं असेल तर हंगामी असल्याचा कारखान्याचा दाखला जोडून फेरहिशोबाचा अर्ज करा. कारखाना बंद पडला असेल, आपल्याकडे कितीतरी पडलेत, तर जुनी ओळखपत्रं, पगारपत्रकं, पीएफच्या वार्षिक चिठ्ठ्या, जे सापडेल ते. बंद कारखान्याच्या पेन्शन अर्जावर मालकाची सही मिळत नाही म्हणून अडून बसायचं नसतं, बँक मॅनेजर किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही चालते.

जन्मतारखेचं दोघांचंही बघून घ्या. आपल्याकडच्या त्या पिढीत निम्म्या लोकांची शाळेतली तारीख १ जून, आधारवर नुसतं वर्ष सांगितलेलं म्हणून १ जानेवारी, आणि कंपनीत लागताना मुकादमानं अंदाजानं तिसरीच लिहिलेली. ५८ वर्षं कधी होतात ते ह्यावर ठरतं आणि तीन ठिकाणी तीन तारखा असल्या की अर्ज परत येतो. वडिलांचं आधार आणि पीएफमध्ये नाव, मधलं नाव, तारीख तंतोतंत एक आहे का ते आजच बघा, नसेल तर जॉइंट डिक्लेरेशन, म्हणजे कामगार आणि कंपनी दोघांच्या सहीचा दुरुस्तीचा अर्ज, कंपनीकडून आत्ताच करून घ्या, नोकरीत असेपर्यंत हे दोन सह्यांचं काम आहे.

हयातीच्या दाखल्याचं टेन्शन घेऊ नका. काकांना आता बँकेत रांगेत उभं राहायची गरज नाही, मोबाईलवर चेहरा दाखवून होतं, आणि ईपीएसवाल्यांना नोव्हेंबरचंच बंधन नाही, ज्या दिवशी दाखला दिला तिथून एक वर्ष चालतो. अंथरुणावरच्या माणसासाठी पोस्टमन घरी येऊन करतो. जानेवारी २०२५ पासून पेन्शन कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत घेता येते, त्यामुळे गावाजवळच्या बँकेत खातं असलं तरी चालेल.

नाशिकच्या पीएफ ऑफिसला लगेच चकरा मारू नका. दर महिन्याच्या २७ तारखेला पीएफवाले जिल्ह्यात कॅम्प घेतात, निधी आपके निकट म्हणून, सुट्टी असली तर दुसऱ्या दिवशी. ठिकाण आधी विचारून घ्या आणि येताना वडिलांच्या यूएएनची (पीएफचा कायमचा नंबर) सर्व्हिस हिस्टरी प्रिंट काढून, दोन्ही कंपन्यांच्या पगाराच्या स्लिपा, हॉस्पिटलचं ॲडमिट झाल्याच्या तारखेचं डिस्चार्ज कार्ड, ईएसआयचं कार्ड, आई-वडिलांचा जोडफोटो, बँकेचं पासबुक आणि काकांचा पीपीओ एवढं आणा. कंपनीनं राजीनाम्याबद्दल मेसेज केला असेल तर तो डिलीट करू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि ईएसआयच्या दवाखान्यात काय म्हणाले ते मला इथं कळवा, त्यांनी सर्टिफिकेट द्यायला नाही म्हटलं तर काय कारण दिलं ते नेमकं लिहा, मग पुढचं सांगतो.